मामूंच्या प्रेसमधला श्वास

मंडळी, माझं त्या नॉर्वेच्या बँडचं वेड तुम्हाला माहीतच आहे. कॉलेजपासून ऐकतेय. लोखंडाचे ठोके, खरखरीत गिटार, थंडगार सिंथ. पहिल्या अल्बमचे ठोके त्यांनी गावातल्या फॅक्टरीत रेकॉर्ड केले होते. ठोक्यांच्या मधे कुणीतरी खोल श्वास घेतं. मी तो गायकाचाच समजायचे. पुढे बँड मोठा झाला, गायकही बदलला. नव्या गाण्यांतही श्वास मात्र तोच राहिला.

आज दुपारी मामूंचा डबा घेऊन रास अल खोरच्या कारखान्यांच्या भागात त्यांच्या वर्कशॉपवर गेले, तर आतून तेच ठोके! वाटलं, कुणीतरी स्पीकर लावलाय. पण ती पत्रा दाबायची जुनी प्रेस होती, मामूंनी नुकतीच घेतलेली.

"कुठून आणली, मामू?"

"नॉर्वेचा सेकंडहँड माल. तिथली फॅक्टरी खलास झाली."

ठोक्यांच्या मधे तोच श्वास. जरा हिरमुसलेच. "हवेचा व्हॉल्व्ह आहे ना?"

"हिच्यात हवेचं काहीच नाही, बेटा."

जेवायला म्हणून त्यांनी मेन स्विच बंद केला. ठोके थांबले, पंखे थांबले. आणि त्या शांततेत श्वास आला. एकदाच, सावकाश.

मामू डब्याचं झाकण उघडत होते. "रोजचंच आहे. जेवणाची सुट्टी झाली की माणूस सुस्कारा सोडणारच. तिकडे बघू नकोस, जेव."

आता अजमानला घरी आलेय. हेडफोन समोर पडलेत. तुम्ही लावले असते?