गाभोळीवाली

आई सोमवारी मुंबईला परत जाणार होती आणि इथे परदेशात आमच्याकडे आल्यापासून सहा महिन्यांत तिच्या तोंडाला ताजा मासा लागला नव्हता. सुपरमार्केटातला मासा बघून ती नाक मुरडायची. "हा तर माझ्याहून म्हातारा!" त्यात तिचं एकच पालुपद, "गुडघे गेले गं, ही माझी शेवटची खेप." ऑपरेशनचं नाव काढलं की भांडायची. मग मीही हट्टाला पेटले. निदान एक ताजा मासा खाऊनच जाईल! शनिवारी आर्वोला, म्हणजे इथल्या भाषेत दुपारी, रॉड, गळाला लावायचं बेट आणि तिची घडीची खुर्ची गाडीत टाकली आणि पॉइंट कुकच्या घरून थेट जेटी गाठली.

काय ती गर्दी! आम्ही इथे राहायला आलो तेव्हा दोन-चार गोरे आजोबा बसलेले असायचे. आता पंजाबी काका काय, व्हिएतनामी मावश्या काय, तेलुगू जोडपी काय, पाय ठेवायला जागा नाही. सत्तरीच्या पुढे मासे पकडायला लायसन्स लागत नाही हे कळल्यावर तर आईने रॉड माझ्या हातातून काढूनच घेतला.

तासाभरात दोन पिटुकले लागले. पट्टीवर ठेवले, कायद्याने लागतात ते अठ्ठावीस सेंटिमीटर भरेनात, सोडून दिले. माझी चिडचिड सुरू झाली होती, आणि तेवढ्यात रॉड वाकला!

"अगं धर, धर! मलाच ओढतोय मेला!"

"सोडू नकोस आई! रीळ फिरव, रीळ!"

शेजारचे गोरे आजोबा जाळं घेऊन धावले. वर आला तो गुलाबी स्नॅपर, आपल्या तांबोशीसारखा, पट्टीच्या कितीतरी पुढे! मी जेटीवर अक्षरशः नाचले. नवऱ्याला फोन लावला, "वाटण करून ठेव, आलोच!"

आईने बाजारातल्या सवयीने माशाच्या पोटावर अंगठा दाबला. "गाभोळी आहे," ती म्हणाली. गाभोळी, माशाच्या पोटातली अंडी, म्हणजे तिचा जीव की प्राण. त्यासाठी कोळणीशी हुज्जत घालताना मी तिला लहानपणापासून पाहिलंय. पण तिने अंगठा काढून घेतला.

"सोड हिला."

"काय? आई, वेड लागलंय का? कायद्यात बसतोय हा!"

"बसू दे. बाजारातली मेलेली असते, ही तोंड उघडतेय बघ. आपले कोळी नारळी पौर्णिमेपर्यंत होड्या ओढून ठेवतात ते उगाच? अंडी घालू दे तिला."

मला रागाने रडूच फुटलं. आईने पाण्याकडे हात केला तशी आजोबांनी हसत मासा पाण्यात सोडला. शेपटीचा एक फटका, आणि गेली.

"विचार त्यांना, हिची पोरं पट्टीएवढी व्हायला किती दिवस?"

"चार-पाच वर्षं," आजोबा म्हणाले.

घरापर्यंत मी धुसफुसत गाडी चालवली. माशासाठी केलेल्या वाटणात नवऱ्याने बटाटे टाकले. आई मिटक्या मारत जेवली, मग बोटांवर मोजलं. "पाच वर्षांनी मी एक्याऐंशीची. चालतंय." माझ्या ताटात तिने भात वाढला. "जाऊन पहिलं गुडघ्याचं ऑपरेशन करून घेते. तो रॉड मात्र कुणाला देऊन टाकू नकोस हं."