दस्त्यावरचा गाल

बपेरा गावच्या एका म्हाताऱ्यावरचा अन्याय सुरू झाला तो विधानसभेची आचारसंहिता लागली त्याच दिवशी. निवडणुकीचा नियम पाळून त्यानं बापाची शिकारीची बंदूक ठाण्यात जमा केली. निकालानंतर ती परत मिळाली तेव्हा तिचा लाकडी दस्ता वाळवीनं खाल्लेला होता.

मोर्च्याच्या फलकांना काठ्या आणायला मी सुताराकडे गेलो, तिथं तो भेटला. मांडीवर बंदूक घेऊन धोतराच्या सोग्यानं नळी पुसत बसला होता. नळी चकाकत होती, तरी पुसणं चालूच.

"तक्रार काहून नाही केली?" त्याची हकीकत ऐकून मी तावातावानं विचारलं.

"केली ना! हवालदार म्हणे, बंदूक उडते ना? मंग लाकडाचं काय घेऊन बसला? म्या म्हटलं, साहेब, म्या जन्मात गोळी नाही झाडली. मी त्या लाकडालेच गाल लावत होतो."

नेम धरताना बापाचा गाल टेकून टेकून दस्त्याला खळगा पडला होता. दरवर्षी दसऱ्याची पूजा झाली की हा त्यात आपला गाल ठेवायचा. बापाचा फोटो घरात नाही.

सुतार म्हणाला, "नवा दस्ता करून देतो, काकाजी. पण खळगा कसा काढू?"

म्हाताऱ्यानं वाकून सागाच्या कोऱ्या फळीवर गाल टेकवला. "माहा गाल बापासारखाच हाय, माय म्हणे. मार रेघ."

सुतारानं पेन्सिल फिरवली. "हसू नका, काकाजी. रेघ हालते."

पुढच्या निवडणुकीत तुमच्या गावातून कुणी बंदूक जमा करायला निघालं, तर सोबत जा. ठाण्यातली बंदुका ठेवायची खोली उघडायला लावा. वाळवी दिसली तर बंदूक कोरड्या जागी ठेवल्याशिवाय तिथून हलू नका.