नर्मदाबाईच्या खोलीतला आवाज

नर्मदाबाईला कुणी हेवेखोर म्हटलं की मला अजून राग येतो. हेवेखोर ती होतीच, ते मी नाकारत नाही. पण तिचा हेवा नेमका कशाचा होता, ते गल्लीतल्या बायकांनी नीट पाहिलं नाही. त्यांना वाटलं, रेडिओचा.

झरी गावात आमचं आणि तिचं घर भिंतीला भिंत लागून. मी लग्न होऊन तिथं आले तेव्हा तिच्या घरात दोन बायका होत्या. नर्मदाबाईची कूस उजवेना म्हणून तिच्या नवऱ्यानं, रायभानरावांनी, अंबाबाईशी दुसरं लग्न केलं होतं. मुलगी बघायला नर्मदाबाई स्वतः गेली होती. "म्या पसंत केली म्हून आली ती," असं ती सगळ्यांना सांगायची. सांगताना हातातली सुई थांबायची नाही, पण टाका वाकडा जायचा.

अंबाबाईला मुलगी झाली आणि रायभानरावांनी तिच्यासाठी नवी खोली बांधली. विटांच्या भिंती, खाली शहाबादी फरशी, वर पत्रे. गावात तेव्हा पत्रे थोड्याच घरांवर होते. नर्मदाबाईची खोली तीच जुनी, हातभर जाड मातीच्या भिंतींची, वर मातीचं सपाट माळवद. एका बाजूला ज्वारीची कणगी आणि दुसऱ्या बाजूला छतापर्यंत गोधड्यांची चळत. गल्लीतलं प्रत्येक जुनं लुगडं शेवटी तिच्याकडं यायचं आणि गोधडी होऊन बाहेर पडायचं. कोपऱ्यात देव. मी तिथं गेले की आधी देवाला हात जोडायची आणि मग तिच्याजवळ बसायची.

संध्याकाळी रायभानराव नव्या खोलीत जायचे. मधली भिंत आणि वरचा पत्रा यांतून तिकडचं सगळं इकडं ऐकू यायचं. नर्मदाबाई शिवता शिवता मान तिरकी करायची. "आता पाणी मागतेत," म्हणायची, आणि तिकडून खरंच तांब्याचा आवाज यायचा.

त्या साली कापूस चांगला पिकला आणि रायभानरावांनी परभणीहून रेडिओ आणला. लाकडी पेटी, पुढं पिवळसर जाळीचं कापड, मागं विटेएवढी बॅटरी. घरावर बांबू उभा करून तार ओढली. पेटी ठेवली अर्थातच अंबाबाईच्या खोलीत. बघायला अर्धं गाव लोटलं. नर्मदाबाई दारातून बघून परत फिरली.

"तुम्ही बसत न्हाई का?" मी विचारलं.

"मला इथून ऐकू येतंय की. आन् काय ऐकायचंय? नुसता कडकडाट हाय."

हे ती जळून बोलली, पण खोटं नव्हतं. रेडिओ बोलायला लागला की पत्रा थरथरायचा, फरशीवरून आवाज उलटा यायचा, बातम्यांतला एक शब्द दुसऱ्यावर आदळायचा. तबला वाजला की कुणीतरी डबे पाडल्यासारखं व्हायचं. रायभानरावांचे मित्र मुंजाजी तोंडाचे फाटके. ते भर बैठकीत म्हणाले, "रायभान, ह्या बातम्या सांगणाऱ्याला आधी बादलीतून भायेर काढ. तोंड घालून बोलायलाय बिचारा."

सगळे हसले. भिंतीअलीकडं नर्मदाबाईही हसली. मी पहिल्यांदाच तिला इतकं मनमोकळं हसताना पाहिलं.

रायभानरावांना ते फार लागलं. पेटी धोतरात गुंडाळून, बैलगाडीत मांडीवर धरून ते परभणीला दुकानात घेऊन गेले. दुकानात ती सुरेख वाजली. घरी आणली, पुन्हा बादली.

मग उन्हाळा तापला. पत्र्याखाली दुपारी बसवेना, बॅटरी खराब होईल म्हणून रायभानरावांनी पेटी उचलून नर्मदाबाईच्या गार खोलीत आणली. "चार महिने राहू दे," म्हणाले आणि कणगीशेजारच्या फळीवर ठेवून बटण फिरवलं.

पुणे केंद्रावर कुणीतरी अभंग म्हणत होतं. काय सांगू! आवाज गोल झाला. भरून आला, पण कुठं फुटला नाही. तबल्याचा बोटाचा ठोका वेगळा, तळव्याचा वेगळा. गाणारा श्वास घेत होता तेसुद्धा कळलं. रायभानराव उभे होते ते तसेच खाली बसले.

"नर्मदे, तुझ्या खोलीला गुण हाय," ते म्हणाले.

त्या एका वाक्यावर ती कितीतरी दिवस जगली. रोज संध्याकाळी ते येणार म्हणून ती दिवसाउजेडीच कंदिलाची काच पुसायची, वेणी घालायची, चहाला वेलदोडा टाकायची. तीन वर्षं जो माणूस दारातून दाणे मागून जात होता, तो आता तिच्या भिंतीला पाठ टेकून बसत होता. तिला वाटे, ही देवाची करणी. "घरात देव हाय न माझ्या, म्हून आवाज ऐसा लागतो," असं ती मला म्हणाली. मलाही ते पटलं. अजूनही सगळंच खोटं होतं असं म्हणवत नाही.

अंबाबाईही मुलीला घेऊन यायची, पण उंबऱ्याशी बसायची. नर्मदाबाई तिला कधी आत सरक म्हणाली नाही. उलट एकदा म्हणाली, "अंबे, पोरगी रडायलीय. तिकडं निजवून ये. आमाला ऐकू येईना."

'आमाला' या शब्दावर तिनं जो जोर दिला, तो अंबाबाईनं बरोबर ऐकला. पोरीला उचलून निघून गेली.

भादवा सरत आला. घट बसायच्या आधी आमच्याकडं घरातलं सगळं धुतलं जातं. नर्मदाबाईच्या गोधड्या गाडीत घालून आम्ही बायका नदीवर गेलो. दिवसभर आपटल्या आणि काठावर वाळत घातल्या. त्या वाळेनात, म्हणून राखणीला गडी ठेवून आम्ही परतलो.

संध्याकाळी रायभानरावांनी रेडिओ लावला आणि त्यांच्या कपाळाला आठी पडली. आवाज रिकामा झाला होता. पत्र्याखालच्याइतका वाईट नव्हे, पण खोल आडात बोलल्यासारखा.

"बॅटरी उतरली काय की," ते म्हणाले.

नर्मदाबाई घाबरली. उठून देवापुढं उदबत्ती लावून आली. अंबाबाई मात्र उंबऱ्यावरून मोकळ्या झालेल्या भिंतीकडं बघत होती, जिथं काल गोधड्या होत्या. दुसऱ्या दिवशी गोधड्या परत रचल्या आणि आवाजही परत आला. नर्मदाबाईनं देवाला नारळ फोडला. अंबाबाईनं त्यातलं खोबरं घेतलं आणि हसून म्हणाली, "आक्का, तुमच्या गोधड्यांतल्या थोड्या मला द्या की. थंडी यायलीय."

नर्मदाबाईलाही गोधड्यांची गोम तेव्हाच समजली असावी. "पोरीपुरती एक ने," ती म्हणाली. "बाकीच्या मोजून ठेवल्यात देवानं." असलं तिरकं बोलणं तिचं नव्हतं.

अंबाबाईनं पुन्हा मागितलं नाही. दसऱ्यानंतर येडबा धनगर मेंढरं घेऊन शिवारात आला. तिनं त्याच्याकडून घोंगड्या घेतल्या, बऱ्याचशा, काळ्याभोर आणि जाड. पत्र्याखाली दोऱ्या बांधून त्या छताला लावल्या, दोन भिंतींवर सोडल्या. फरशीवर जाजम घातलं. मग नवऱ्याला म्हणाली, "एक डाव इथं लावून तर बगा."

रायभानरावांनी लावून पाहिला. त्या रात्री पेटी नव्या खोलीत राहिली. आपण मुंबई राज्यात जाणार, याच्या बातम्या तेव्हा रोज असायच्या. गावातली माणसं जमायची, आणि मुंजाजीसुद्धा म्हणाले, "आता कसं! साहेब आंघोळ करून भायेर आला."

पेटी गेली त्याच्या दुसऱ्या दिवशी दिवेलागणीला मी विरजण मागायला नर्मदाबाईकडं गेले. ती भिंतीजवळ बसली होती, मान तिरकी करून. मांडीवर शिवण नव्हतं. मी बोलायला गेले तर हातानं गप्प बसवलं. मीही कान दिला. पलीकडं रेडिओ चालू होता, माणसं होती, मी येतानाच पाहिलं होतं, आणि अलीकडं काही म्हणजे काही येत नव्हतं. घोंगड्यांनी सगळं गिळलं होतं.

"खोकतात ते बी ऐकू येईना," ती म्हणाली.

मी देवाकडं पाहिलं. ती माझ्याकडंही पाहत नव्हती. पलीकडची माणसं बाहेर पडताना दिसली तशी ती उठली, डोक्यावरचा पदर सारखा केला आणि नव्या खोलीकडं चालू लागली. खोली बांधल्यापासून त्या उंबऱ्याच्या आत तिनं पाऊल टाकलं नव्हतं. मी तिच्या मागं गेले.

माणसं उठून गेली होती. रायभानराव लोडाला टेकून भजन ऐकत होते, अंबाबाई त्यांच्याशेजारी सुपारी कातरत होती. नर्मदाबाई उंबऱ्याशी बसली नाही. सरळ आत गेली आणि दोघांच्या मधे, पेटीसमोर बसली. अंबाबाईला अडकित्ता घेऊन सरकावं लागलं.

"का गं, नर्मदे?" रायभानराव म्हणाले.

"आवाज ऐकाया आले."

भजन संपलं. मग अंबाबाईला राहवेना. "कसा हाय आक्का, आवाज?"

"बरा हाय," नर्मदाबाई म्हणाली. "माझ्याकडं जरा गोड निघायचा."

रायभानरावांनी डोळे मिटून घेतले. "निघायचा खरा," ते म्हणाले.

अंबाबाईनं अडकित्ता खाली ठेवला, उठली आणि बटण पिळून आवाज मोठा केला.