धक्क्यावरची ती जागा चिंधूभाऊंची होती

चिंधूभाऊ गेल्याचं मला घोडेगावच्या एसटी स्टँडवर कळलं. हातात आमच्या संघटनेच्या पत्रकांचा गठ्ठा होता. पलीकडच्या पाड्यावरची एक म्हातारी म्हणाली, "भाऊ, आपला होडीवाला गेला." शेजारच्या बाया तिथंच रडायला लागल्या. मलाही वाईट वाटलंच. पण खरं लिहायचं तर त्याआधी मनात आलं, मी गेलो तर इथं कोण रडेल? तीन आठवडे झाले, तो विचार जात नाही...

धरणानं चिंधूभाऊंचं गाव पाण्याखाली घातलं आणि उरलेल्या पाड्यांना रस्ता दिला नाही. तालुक्याला यायचं तर डोंगराला वळसा, नाहीतर चिंधूभाऊंची लाकडी होडी. नव्वदच्या दशकात मी तिच्यात पहिल्यांदा चढलो तो लोकांना जागं करायला. भर पाण्यात भाषण ठोकत होतो. भाऊंनी वल्हं थांबवलं आणि सगळ्यांनी मुकाट पायातल्या चपला काढल्या. मी बुटांसकट उभा.

"पावणं, बूट काढा. खाली मारुती हाये."

देऊळ केव्हाच बुडालेलं, तरी प्रत्येक खेपेला हे चालायचं. इतकी शांतता माझ्या एकाही सभेला मिळाली नव्हती.

पुढे भीमाशंकरला निघालेल्या गाड्या वाटेत धक्क्यावर थांबू लागल्या आणि शहरातल्या शेठांच्या मोटरबोटी आल्या. पाहुण्यांना पाणी आवडलं, तसं ते महाग झालं. होडी बांधायचं भाडं, दरसालचा परवाना, विमा, जॅकेटं, तपासणीचा दाखला. प्रत्येक कागदाला वेगळं टेबल. "साहेब मीटिंगला गेलेत" हे उत्तर मात्र सगळीकडे एकच. ज्याचं गाव पाण्याखाली गेलं, त्यानंच त्या पाण्याच्या काठाला टेकायचं भाडं भरायचं! मी पत्रकांमागून पत्रकं काढली. भाऊ वाढेल तसं भाडं भरत राहिले. मी चिडायचो.

"भाऊ, भरू नका. लढा!"

"आरं, मी लढत बसलो तर ह्या ठकीला बाळंतपणाला कोण न्हेल? तू?"

अख्खी होडी हसली.

मग हुकूम निघाला. धक्क्यावर फक्त मोटरबोटी, वल्ह्याच्या होड्या बंद. पाहणीला खात्याचे साहेब येणार त्या दिवशी मी धक्क्यावर धरणं पुकारलं. तो बाजाराचा दिवस, हे ध्यानात घेतलं नाही ही माझी चूक. मोजकी चार टाळकी आली, बाकी सगळे भाऊंच्या होडीत. भाऊंनी साहेबांनाच हाक मारली, "या सायेब, पलीकडं सोडतो." घोषणा सोडून मीही चढलो. मध्यावर वल्हं थांबलं, चपला निघाल्या. साहेबांनी काय झालं म्हणून विचारलं.

"खाली मारुती," एक बाई म्हणाली.

"आन त्याच्या म्होरं माझं घर व्हतं," भाऊ म्हणाले, पाहुण्याला पत्ता सांगावा तसं.

साहेब वाकले आणि बुटाच्या नाड्या सोडू लागले. आठवड्याभरात धक्क्याच्या कडेची जागा भाऊंच्या होडीला मिळाली, बिनभाड्याची.

मी पत्रक छापलं : संघटनेच्या लढ्याला यश. त्यात चिंधूभाऊ नव्हते. विसरलो नव्हतो. प्रुफात होती ती ओळ मी स्वतः खोडली. जळत होतो मी...

त्यांनी ते कुणाकडून तरी वाचून घेतलं. पुढच्या भेटीत पाठीवर थाप मारून म्हणाले, "बरं केलंस मला लपवलंस. म्होरल्या सायबानं मलाच धरलं असतं. लई डोकं हाये तुला, राव."

मी हो म्हणालो. खरं सांगायला नंतर कितीतरी वर्षं मिळाली, नाही सांगितलं. आता सांगतो : ती जागा संघटनेनं मिळवली नाही. चिंधूभाऊंनी मिळवली.

परवा गेलो होतो. होडी आता त्यांच्या पत्नी सुंदराबाई वल्हवतात, उभ्यानं. बाया पोरांना मांडीवर घेऊन दाटीवाटीनं बसलेल्या, आणि वल्ह्याजवळची भाऊंची फळी तेवढी मोकळी. मी बसायला गेलो.

"तिथं नगं, भाऊ," तिघीचौघी एकदम म्हणाल्या.

पलीकडचा काठ येईपर्यंत मी उभाच होतो. त्या हातभर रिकाम्या फळीकडे बघत, अजूनही जळत.