राऊटरची पूजा

हे मी नवऱ्यालाही सांगितलं नाही, आणि तो मरून गेला. आज तुम्हाला सांगते. हळहळू नका — मला त्याचा राग येतो.

नव्वदची सालं सरत आली होती. शेवगावात एका बियाणं कंपनीच्या ऑफिसात मी झाडलोट करायची. तिथं एक काळी पेटी आली. राऊटर म्हणायचे तिला. तिच्यातून आमचे कॉम्प्युटर टेलिफोनच्या तारेनं नगरच्या ऑफिसला जोडलेले. ते सगळं सांभाळायला शैला नावाची पोरगी होती, पुणतांब्याची. बाप नव्हता, घर तिच्यावर. अजून कायम झाली नव्हती.

खंडेनवमीला साहेबांनी यंत्रांची पूजा केली. शैला मला म्हणाली, "मावशी, राऊटरला पाणी लावू नका हं. लांबूनच हात जोडा." सगळ्यांसमोर. काय वाईट बोलली? काही नाही. पण मी पेटले. माझ्या लेकीच्या वयाची, आणि मला पूजा शिकवते? सगळे पेढे खायला बाहेर गेले, तशी मी आत शिरले. हळदीकुंकू कालवलेलं पाणी त्या पेटीवर शिंपडलं — एकदा नाही, तीनदा. फटींतून आत गेलं. जाताना बघितलं मी. मग वरचं तेवढं पुसून घेतलं.

दसऱ्याची सुट्टी संपली आणि राऊटर नीट चालू होईना. दिवे लागायचे, लुकलुकायचे, विझायचे — पुन्हा पहिल्यापासून तेच. शैलानं तारा काढल्या, घातल्या. बंद करून थांबली, परत लावला. कुठला दिवा लागतो ते नगरच्या इंजिनिअरला फोनवर सांगत राहिली. दोन दिवस धड जेवली नाही. मी तिच्या पायाशी फरशी पुसत होते. तोंड नव्हतं का मला?

तिसऱ्या दिवशी इंजिनिअर आला. पेटी खोलली. आत तपकिरी डाग. काहीतरी सांडलंय, म्हणाला. साहेब माझ्याकडे वळले, "मावशी, कोण काय सांडतं हितं?"

आणि मी — मी म्हणाले, "मला चौथी शिकलेलीला काय कळतंय साहेब? ताई तितंच च्या पित्यात, एवढं बघितलंय."

ती चहा तिथंच घ्यायची. खरंच घ्यायची. म्हणून तर खोटं पचलं. "मावशी, मी कधी सांडलाय का हो?" तिनं विचारलं. मी बादली उचलली आणि निघाले.

तिला त्याच दिवशी काढलं. मावशी होती म्हणून खरं कळलं, असं साहेब म्हणाले. मी मान हलवली. आग लागो त्या मानेला.

लोक म्हणतात, म्हातारी फटकळ, पण खरं बोलते. ऐकलं की डोकं फिरतं माझं. एवढंच बोलायचं होतं — पाणी मी घातलं. मला काढलं असतं, तरी नवरा कमवत होता, चूल पेटली असती. भ्याले म्हणू? भीती नव्हती हो. त्या पोरीची मान खाली गेलेली मला बघायची होती.

गेली. मी बघितली.