माझं पोट आणि काकांचा कांदा

ॲन आर्बरमध्ये पीएचडी करत होते तेव्हाची, दोन हजार चार-पाचच्या सुमाराची गोष्ट. कॅम्पसवर कुठल्या इमारतीत काय शिकवतात हे मला धड सांगता आलं नसतं. पण कुठल्या इमारतीत बाथरूम कुठल्या मजल्यावर आहे आणि दुपारी तिथे कितपत शांतता असते, हे झोपेतून उठवून विचारलं असतं तरी सांगितलं असतं. माझं पोटच तसं होतं. एकदा रुसलं की दिवसचे दिवस गप्प बसायचं, मग ऐन सेमिनारमध्ये फुगून नगारा व्हायचं आणि मला अशी पळवायचं की बर्फातही घाम फुटावा. सगळ्या तपासण्या झाल्या. आतडी दिसायला ठणठणीत आहेत, फक्त चिडकी आहेत, असं सांगून डॉक्टरांनी मला डाएटिशियनकडे पाठवलं.

डाएटिशियन उंच, हसरी बाई होती. आतड्यांसाठीचा 'बॉवेल' हा शब्द ती अशा खणखणीत आवाजात उच्चारायची की मी आधी दार नीट लागलंय ना ते बघून घ्यायचे. तिचा उपाय पोलिसी होता. ज्यांच्यावर म्हणून संशय आहे ते सगळे पदार्थ काही आठवडे बंद. पोट शांत झालं की एकेकाला परत बोलवायचं, थोडं थोडं खायचं, आणि पोट काय म्हणतं ते बघायचं. गहू, दूध, कांदा, लसूण, डाळी, शेंगदाणे, टोमॅटो, कॉफी, सगळे आत.

"मग मी खायचं काय?" मी विचारलं.

"राइस!" ती उत्साहाने म्हणाली. जरा विचार करून पुढे म्हणाली, "आणि गाजर!"

भात, गाजर आणि बटाट्यावर मी दिवस काढू लागले. आणि आश्चर्य म्हणजे पोट निवळलं. अडचण एकच होती, काकू.

काकू म्हणजे गावातल्या आम्हा सगळ्या मराठी विद्यार्थ्यांच्या अन्नपूर्णा. काका रिटायर्ड सर्जन. दोघं तरुणपणी इथे आले, मुलगी लग्न होऊन दिवसभराच्या ड्राइव्हवर, पार्सिपनीला गेली, आणि मोठ्या घरात दोघंच उरले. म्हणून दर रविवारी आम्हाला जेवायला बोलवायचे. त्या रविवारी काकूंनी माझ्या ताटात भरल्या वांग्याचा डाव कलता केला आणि मी ताटावर हात धरला.

"काकू, मी सध्या कांदा-लसूण खात नाहीये."

सगळ्यांच्या नजरा माझ्याकडे. त्यांच्यासमोर आतड्यांचं प्रवचन देणं मला शक्य नव्हतं.

"का गं?" काकूंनी विचारलं.

"असंच. थोडे दिवस."

काकूंनी माझ्याकडे नीट पाहिलं आणि आवाज खाली आणला. "व्रत आहे का? राहू दे, राहू दे, सांगायचं नसतं ते." आणि लगबगीने आत जाऊन सकाळची उरलेली साबुदाण्याची खिचडी घेऊन आल्या.

"काकू, यात दाणे आहेत. दाणेपण नाही चालत."

"दाणे चालत नाहीत?" काकू हबकल्या. "बरं, दही देते."

"दूध-दहीपण नाही."

त्यांनी चक्क हात जोडले. "बाई गं, फारच कडक दिसतंय."

मी तो गैरसमज तसाच राहू दिला. खरं सांगायचं तर मला ते आवडलं. पोट बिघडलेल्या मुलीला लोक सतरा सल्ले देतात. व्रतस्थ मुलीला कोणी काही विचारत नाही. दोन आठवड्यांत माझी कीर्ती इतकी पसरली की संक्रांतीच्या हळदीकुंकवाला पहिला मान मला मिळाला, आणि एक मावशी मला आपल्या सांता क्लाराच्या भाच्याचा पगार सांगून गेल्या. माझी रूममेट, जिला सगळं माहीत होतं, उशीत तोंड खुपसून हसायची. "यार, तू लवकरच आश्रम काढणार," म्हणायची.

मग एका दुपारी काकांचा फोन आला. आवाज दबलेला.

"काय गं, तुझं हे प्रकरण संपतंय कधी?"

"का हो काका?"

"तुझं बघून हिने घरात कांदा-लसूण बंद केलाय. म्हणते, एवढीशी पोर करते, आपल्याला काय झालं? मी गेले कित्येक दिवस दुधीभोपळा खातोय." मग निव्वळ सर्जनच्या आवाजात म्हणाले, "आयबीएस आहे ना तुला? चिडकी आतडी?"

"तुम्हाला कसं कळलं?"

"गहू, दूध आणि दाणे एकदम सोडायला सांगणारा देव मी अजून पाहिला नाही. पहिल्याच दिवशी कळलं होतं. म्हटलं, पोरीची झाकली मूठ राहू दे. पण आता माझ्या पोटावर आलंय. कांदा कधी टेस्ट करणार?"

योगायोगाने त्याच आठवड्यात कांद्याचा नंबर होता. काकांना केवढा हुरूप आला! शनिवारी दुपारी ते कांद्यांची पिशवी घेऊन आमच्या अपार्टमेंटमध्ये हजर. मी भजी सुचवली, तर डोळे वटारले. "बेसन अजून टेस्ट व्हायचंय. एका वेळी एकच पदार्थ. शास्त्रात लबाडी नको." त्यांनी कांदे स्वतः चिरले, एकसारखे बारीक, हात जराही न थरथरता. तेलात लालसर परतले आणि भातावर घातले. तेवढ्यात स्मोक अलार्म बोंबलायला लागला. रूममेट त्याखाली टॉवेल हलवत उभी राहिली, आणि त्या गोंधळात माझ्या वाट्याला ठरलेले चार चमचे आले. उरलेली कढई काकांनी उभ्या उभ्या संपवली. डोळे मिटून.

संध्याकाळपर्यंत माझं पोट तबल्यासारखं टम्म फुगलं. आरोपी सापडला होता. ही बातमी काकांना कशी द्यावी, या विचारात मी गरम पाण्याची पिशवी घेऊन पडले होते, तेवढ्यात फोन वाजला. काकू.

"ह्यांच्या जॅकेटला कांद्याचा वास येतोय," त्या म्हणाल्या. "आणि म्हणतायत की तुझ्याकडे आले होते. तुझ्याकडे? कांदा?"

अपार्टमेंटमध्ये फोडणी करताना जॅकेट कपाटात बंद करायचं असतं, हे आम्हा विद्यार्थ्यांना पक्कं माहीत होतं. काकांना या वयात कोण सांगणार? मी दीर्घ श्वास घेतला आणि सगळं सांगून टाकलं. पोट, बाथरूम, सेमिनार, भात आणि गाजर.

मला वाटलं, झालं, आता रविवारची जेवणं संपली.

"म्हणजे तुला जावं लागतं? एकदम?" काकूंनी हळूच विचारलं.

"हो."

"आणि कधीकधी मुळीच नाही?"

"हो, काकू."

"मेलं, मला एवढी वर्षं वाटतंय, माझं एकटीचंच असं आहे," काकू म्हणाल्या. "पार्सिपनीला जाताना वाटेतला प्रत्येक रेस्ट एरिया मला पाठ आहे. ह्यांना सांगते, पाय मोकळे करायचेत."

"घरात सर्जन असून तुम्ही बोलला नाहीत?"

"अगं, नवऱ्याला कुठे सांगतं का कोणी असलं!"

पुढच्या आठवड्यात मी काकूंना बसने डाएटिशियनकडे घेऊन गेले. काका गाडीने सोडतो म्हणत होते, पण काकूंना ते तिथे नको होते. डाएटिशियनने पहिल्यांदा 'बॉवेल' म्हटलं तेव्हा काकूंनी पदर तोंडावर घेतला. निघेपर्यंत त्या स्वतः तो शब्द तितक्याच खणखणीतपणे म्हणू लागल्या होत्या. काही आठवडे भात-गाजरावर काढल्यावर कळलं की त्यांना कांदा अगदी बिनबोभाट पचतो. खरा गुन्हेगार दूध. त्यांनी दुधाचा चहा सोडला आणि काकांच्या घरात लसणाची फोडणी पुन्हा तडतडली. माझ्यासाठी बिनकांद्याची वाटी वेगळी निघायची, कुठल्याही देवाचं नाव न घेता.

माझी कीर्ती अर्थातच ओसरली. भाच्याच्या मावशी दुसऱ्या मुलीकडे वळल्या. पण काकूंना आता कोणी थांबवू शकत नव्हतं. पाडव्याला घर पाहुण्यांनी भरलं होतं. श्रीखंडाचं पातेलं मधोमध आलं, कोणीतरी काकूंना वाढायला लागलं, आणि काकू सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "नको. दुधाचं खाल्लं की माझे बॉवेल्स बिघडतात."

काकांना ठसका लागला. कोपऱ्यातल्या एका बाईंनी मात्र हातातली वाटी हळूच खाली ठेवली, खुर्ची काकूंच्या जवळ ओढली आणि विचारलं, "म्हणजे नक्की काय होतं हो?"

मग तिसऱ्या बाई सरकल्या, मग चौथ्या. पुरुषमंडळी ताटं उचलून बेसमेंटमध्ये पळाली. जाताना काकांनी श्रीखंडाचं पातेलं तेवढं बरोबर नेलं.