मिस लुडीनच्या खुर्चीतला ढोल

अर्कान्सामधल्या आपल्या गावात व्हर्लिन टॅकेटने जन्मभर शाळेची बस चालवली, पण त्याला ड्रायव्हर असं कुणी म्हणत नसे. तो ड्रमवाला. स्टिअरिंगवर त्याच्या बोटांनी ठेका धरला की मागची पोरं गाणं ओळखायची. रॉक अँड रोल अजून पाळण्यात होतं तेव्हा हायवेवरच्या नाचघरांतून तो वाजवत हिंडला होता. तेव्हाचा मोतिया पांढऱ्या ढोलांचा संच अजून त्याच्या बैठकीत मांडलेला होता. कातडी खऱ्या वासराची. नदीकाठच्या दमट हवेत ती लगेच सैल पडत, म्हणून मोठ्या ढोलाच्या पोटात व्हर्लिन बारा महिने एक बल्ब जळता ठेवी. बाकीचे ढोल शेकोटीला बसल्यासारखे त्याला बिलगून असत.

आता हा संच मेम्फिसच्या एका संग्रहालयात जाणार होता. व्हर्लिनची अट एकच होती. शनिवारी संध्याकाळी गावात मासे तळायचा बेत होता, तिथे तो शेवटचं वाजवणार. एकदा काचेआड गेल्यावर कोण हात लावू देतंय?

संग्रहालयाच्या प्रुइटबाई येणार म्हणून त्याच्या बायकोने, ओलीटाने, घर घासूनपुसून लख्ख केलं. त्या झपाट्यात तिने ढोलातला बल्बही काढून ठेवला. परकी बाई घरात येणार, तिला ढोलाच्या पोटात दिवा दिसला तर काय म्हणेल! त्यात आठवडाभर रिपरिप चालू. शनिवारी सकाळी व्हर्लिनने पायाने ठोका दिला, तर 'धम्म' व्हायच्या जागी ओल्या पोत्यावर कुणी बसावं तसं 'फस्स' झालं.

त्याने पुन्हा पाय दाबला. पुन्हा फस्स. पुन्हा फस्स.

"शिव्या तरी घाल रे," ओलीटा म्हणाली.

"घालतोय की," तो म्हणाला आणि त्याने आणखी एक फस्स काढलं.

ओलीटाचं ब्यूटी पार्लर घराला लागूनच होतं. तिने मोठा ढोल उचलला आणि सरळ तिकडे नेला. पण रविवारच्या प्रार्थनेसाठी केस सेट करायला शनिवारी सगळ्या गावच्या बायका यायच्या, त्यामुळे एकही खुर्ची रिकामी नव्हती. प्रत्येक ड्रायरच्या टोपाखाली एकेक डोकं शिजत होतं. मधल्या खुर्चीत मिस लुडीन. अर्ध्या गावाला बायबल त्यांनी शिकवलेलं, उरलेलं अर्धं गाव त्यांना नुसतंच घाबरायचं. ओलीटाने चाचरत सगळी हकीकत सांगितली. मिस लुडीननी टोप वर सारला आणि ढोलाला आपादमस्तक न्याहाळलं.

"याला उद्या चर्चला जायचंय का?"

"नाही, मिस लुडीन. आज संध्याकाळीच."

"मग माझ्यापेक्षा याची घाई जास्त," असं म्हणून त्या डोक्यावरच्या रोलर्ससकट उठल्या.

त्या उठल्यावर बाकीच्यांची बसून राहायची काय बिशाद! घरातून बाकीचे ढोलही आले, खुर्च्याखुर्च्यांतून विराजमान झाले आणि बायका ओल्या डोक्यांनी भिंतीला टेकून गार चहा पीत राहिल्या. मिस लुडीननी स्वतः बटण फिरवलं, थेट शेवटपर्यंत. ओलीटा म्हणाली, जरा जास्तच होतंय. त्यांनी ऐकून घेतलं नाही. त्यांच्या केसांना तेवढीच आच लागायची, तर ढोलालाही लागणारच.

संध्याकाळी पहिलाच ठोका असा 'धम्म' बसला की कॅटफिशच्या ताटल्या थरथरल्या. व्हर्लिनचे खांदे तिशीतल्या माणसासारखे हलू लागले. ओलीटाचे मनातल्या मनात देवाचे आभार मानून होतायत तोच, तिसऱ्या गाण्याच्या ऐन मध्यावर, बंदुकीसारखा बार झाला. मोठ्या ढोलाचं तापून ताणलेलं कातडं उभं फाटलं होतं. प्रुइटबाई पिठासारख्या पांढऱ्या पडल्या. व्हर्लिन थांबला नाही. बुटाने मंचाच्या फळ्यांवर ठोके देत, दात विचकत, त्याने गाणं शेवटाला नेलं.

प्रुइटबाई जवळ आल्या आणि हळू, गोड आवाजात म्हणाल्या, "मिस्टर टॅकेट, काळजी करू नका. आम्ही त्याच काळातलं दुसरं कातडं बसवून घेऊ."

"नको," तो घाम पुसत म्हणाला. "फाटकंच ठेवा. धडधाकट दिसला तर लोकांना वाटेल, घरी नुसता पुसून ठेवला होता."

"आणि खालच्या पाटीवर," मिस लुडीन मागून म्हणाल्या, त्यांचे केस गालांवर चिकटलेले, "कुणी फाडला ते नीट लिहा. सगळं श्रेय एकट्या याला नको."